दारू अंगवळणी पडणे आणि दारू सोडणे अंगावर येणे

गटारीनंतर श्रावणभर दारूला न शिवणारे आणि महिना सरताच पुन्हा बसणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. अधूनमधून पिणाऱ्याला या खंडाने काही होत नाही. रोज भरपूर पिणारा मात्र असा एकाएकी थांबला की घरचे म्हणतात, ‘त्याला सवय आहे, मागच्या वर्षीही सोडलीच होती.’ इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मेंदूला पिण्याची सवय होते, तिला टॉलरन्स म्हणतात. थांबण्याची मात्र होत नाही, उलट दर खेपेला ते अधिक जड जाऊ शकते, आणि त्याला किंडलिंग म्हणतात.

टॉलरन्स समजायला सोपा आहे. दारू मेंदूतील ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक रसायनाचा दाबते. रोजच्या पिण्यात तोल राखण्यासाठी मेंदू गाबाला कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटला अधिक संवेदनशील होतो; यकृतही अल्कोहोलचा निचरा लवकर करते. म्हणून पूर्वी दोन पेगने चढणारी आता चार पेगनेही चढत नाही. ‘पचवतो’ म्हणून ज्याचे कौतुक होते, ते खरे तर काळजीचे लक्षण आहे. बरेच दिवस पिणे थांबले की ही सवय ओसरते.

दारू अचानक बंद झाली की हाच बदललेला मेंदू लगामाशिवाय उरतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भास, भ्रम व ताप यांसह डिलिरियम ट्रेमेन्स होतो, जो जिवावर बेतू शकतो. किंडलिंग म्हणजे जाळ धरवण्यासाठी चुलीत सारलेल्या काटक्या. हा शब्द मेंदूविज्ञानात आणला शास्त्रज्ञ ग्रॅहम गोडार्ड यांनी: उंदरांच्या मेंदूला रोज सौम्य विद्युतप्रवाह दिला असता आरंभी काहीच घडले नाही, पण काही दिवसांनी तेवढ्याच प्रवाहाने त्यांना झटके येऊ लागले. 1978 मध्ये बॅलेंजर आणि पोस्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी हीच कल्पना दारू सोडण्याच्या त्रासाला लावली. 1988 च्या एका अभ्यासात, दारू सोडताना फिट आलेल्यांपैकी 48 टक्के रुग्णांनी आधी पाच किंवा अधिक वेळा उपचार घेऊन दारू सोडलेली होती. फिट न आलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होते. अनेकदा सोडणारा बहुधा अनेक वर्षे पिणाराही असतो, त्यामुळे माणसांमधील या पुराव्यातून दोन्ही कारणे पूर्णपणे वेगळी काढता येत नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांत मात्र एकूण दारू तेवढीच ठेवूनही, मध्ये मध्ये ती तोडलेल्या गटाला झटके अधिक तीव्र आले.

नुकसान फिटपुरतेच नसते. ग्लुटामेटच्या अतिरेकाने पेशींत कॅल्शियम घुसते आणि त्यांना इजा होते. वारंवार दारू सोडलेल्या रुग्णांच्या चाचण्यांत, ऊर्मी आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग कमी पडताना दिसला आहे, म्हणजे पुढच्या वेळी ‘नको’ म्हणायला जे लागते तेच झिजते.

यावरून दारू सोडूच नये, असे कोणी समजू नये. पीत राहणे मेंदूला घातकच आहे. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, क्लोरडायझेपॉक्साइडसारखी मेंदू शांत करणारी औषधे आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) घेऊन. दवाखान्यात रोजचे पेग किती, हे घरचे लगेच सांगतात. याआधी किती वेळा सोडली आणि तेव्हा फिट आली होती का, हेही तितक्याच तत्परतेने सांगावे, कारण औषधाची मात्रा ठरवताना आणि घरी ठेवायचे की दाखल करायचे हे ठरवताना डॉक्टरांना त्याच उत्तराची गरज असते.