उवा मारणारी सीताफळाची बी डोळ्यांनाही सोडत नाही

सीताफळाचा हंगाम आला की खाऊन उरलेल्या काळ्याभोर बिया धुऊन उन्हात वाळवायच्या, कुटून त्यांची पूड करायची आणि ती खोबरेल तेलात कालवून रात्री मुलींच्या डोक्याला चोपडायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही आहे. या पुडीने उवा मरतात. प्रयोगशाळेतही ते दिसून आलं आहे आणि थायलंडमधल्या संशोधकांनी या बियांच्या अर्कावर बरंच काम केलं आहे. पण उवांना मारणारं द्रव्य माणसाच्या पेशींनाही ओळखतं, आणि हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही याची मला काळजी वाटते.

सीताफळाच्या बीमध्ये अ‍ॅसिटोजेनिन नावाच्या रसायनांचा गट असतो. प्रत्येक पेशीला लागणारी ऊर्जा मुख्यतः तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रियात तयार होते. हे काम प्रथिनांची एक साखळी करते, आणि अ‍ॅसिटोजेनिन त्या साखळीतली पहिलीच कडी जखडून टाकतं. ऊर्जा थांबली की पेशी मरते. ऊ असो की माणूस, ही साखळी जवळजवळ सारखीच. फळ खाताना एखादी बी गिळली गेली तर सहसा काही होत नाही, कारण तिचं कठीण कवच पोटात फुटत नाही आणि ती तशीच बाहेर पडते. धोका सुरू होतो तो बी कुटल्यावर.

डोक्याची कातडी जाड असते, ती बरंच सोसते. डोळ्याचं तसं नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, वरून पेशींचा जेमतेम पाच-सहा थरांचा पापुद्रा असतो. केस धुताना लेपाचा ओघळ डोळ्यात गेला, पूड उडाली किंवा माखलेल्या बोटांनी डोळा चोळला गेला, की हा पापुद्रा सोलवटून निघतो. अनेकदा त्या क्षणी फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी डोळा लाल होतो, पाण्याची धार लागते, उजेड सहन होत नाही आणि पापणी उघडवत नाही इतकं दुखतं. डॉक्टर डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात बघतात तेव्हा जिथे जिथे पापुद्रा गेला आहे तिथे हिरवे डाग चमकतात. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत आणि त्यांत उवांसाठी ही पूड लावलेल्या स्त्रिया बऱ्याच आहेत. वेळेवर उपचार झाले तर डोळा बहुतेक वेळा काही दिवसांत बरा होतो. असं झालंच तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवावा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. दूध, मध, तूप काहीही घालू नये.

कडुनिंबाचा बोलबाला मोठा, पण तो पाल्यापेक्षा निंबोळीच्या गराला जास्त शोभतो. कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडवणारं अझाडिरॅक्टिन त्या गरातच भरपूर असतं. पाला उकळून त्या पाण्याने डोकं धुतल्यावर उवा जातील, ही अपेक्षा फोल आहे. निंबोळीच्या अर्काच्या शाम्पूच्या चाचण्या इजिप्तमध्ये झाल्या आणि त्या आशादायक होत्या. घरातली निंबोळी तेलाची बाटली मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण ते पोटात गेल्यास फिट येण्यापर्यंत मजल जाते. कापराचंही तेच. खोबरेलात कापूर घालून तान्ह्या मुलांच्या डोक्याला लावू नये.

वनस्पतीतून आलेलं खरं यशस्वी औषध म्हणजे पायरेथ्रम, एका पांढऱ्या शेवंतीच्या वाळलेल्या फुलांमधून निघणारं. त्याच्याच धर्तीवर माणसाने परमेथ्रिन बनवलं आणि जगभर वापरलं. आता कित्येक देशांतल्या उवा त्याला दाद देत नाहीत. ज्या मज्जापेशींवर ते काम करतं त्यांतल्या सोडियम मार्गिकेची, म्हणजे सोडियमचे कण पेशीत येण्याच्या वाटेची, घडणच त्यांच्यात बदलली आहे.

मग करायचं काय? तेल आणि फणी. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २ ते १५ वर्षांची १२६ मुलं होती. काहींना दुकानात मिळणारं उवांचं औषध दिलं, तर काहींचे ओले केस कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने ठरावीक दिवसांनी विंचरले. औषध घेतलेल्यांपैकी १३ टक्के मुलं उवामुक्त झाली, फणीवाली ५७ टक्के. शंभर टक्के नव्हे, पण फरक लहानही नव्हे. आपल्याकडे कंडिशनरच्या जागी खोबरेल आहेच. तेलाने उवा हमखास मरत नाहीत, पण त्यांची चाल मंदावते आणि फणी सरकते.

एकदाच विंचरून भागत नाही, त्याचं कारण लिखांत आहे. मादी रोज सहा ते आठ लिखा घालते आणि त्या केसाला अशा घट्ट चिकटवते की धुऊन निघत नाहीत. लिख सात ते दहा दिवसांत फुटते आणि बाहेर पडलेलं पिल्लू साधारण आणखी नऊ-दहा दिवसांनी अंडी घालू लागतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, कातडीपासून टोकापर्यंत बट-बट करून फणी फिरवावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसून बघावी. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून एक सेंटिमीटरहून लांब असलेली लिख बहुतेक रिकामीच असते. तिच्यासाठी मुलीचे केस कापायची गरज नाही. खाजवून डोक्यात पू झाला असेल किंवा मानेला गाठी आल्या असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावं आणि जखम भरेपर्यंत कुठलाही लेप लावू नये.