डोंगर बुटका पडला

हवाईतल्या काउआई ओओ या पक्ष्याच्या आवाजाची क्लिप परत एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. शेवटचा नर १९८५ ला दिसला, १९८७ नंतर आवाजही नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेने तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. क्लिपखाली कोणीतरी लिहिलं होतं, "कमजोर असतात ते संपणारच." वाचून खरंच वाईट वाटलं. पक्षी कमजोर नव्हता हो, त्याच्या बेटावरचा डोंगर बुटका होता. (उंदीर, जंगलतोड, चक्रीवादळं हेही होतंच.)

हवाईत पूर्वी डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्यातून क्युलेक्स डास तिथे पोचला, तोच जो आपल्याकडे गटारात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. या रोगाशी तिथल्या पक्ष्यांची कधी गाठच पडली नव्हती, लालभडक इइवी पक्ष्याला एकदा रोगी डास चावला तरी दहातले नऊ मरतात.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. आजारी पक्ष्याचं रक्त प्यायलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. प्लास्मोडियम हा मलेरियाचा परजीवी आधी डासाच्या पोटाच्या भिंतीवर गाठी करून वाढतो, त्या गाठी फुटल्या की लाळग्रंथीत जातो, तेव्हा कुठे पुढचा चावा घातक होतो. डासाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, म्हणून ही वाढ बाहेरच्या हवेवर चालते. उकाड्यात आठवडाभर, गारव्यात महिना, आणि साधारण १३ डिग्रीच्या खाली ठप्प. परजीवी तयार व्हायच्या आधी डासच मरून जातो! उंचावरचं थंड जंगल म्हणूनच वाचलं.

काउआई बेट जेमतेम १६०० मीटर उंच. हवा तापली तसे डास वर चढले आणि पक्ष्यांना आणखी वर जायला जागाच उरली नाही, तिथले अकिकिकी पक्षी २०२३ मध्ये जंगलात पाचच राहिले होते. माउई बेटावरचा हालेआकाला डोंगर ३०५५ मीटर, त्यामुळे तिथला किविकिऊ पक्षी अजून आहे, पण दीडशेच्या आतच.

सखल भागातला अमाकिही पक्षी मलेरिया सोसून जगायला शिकलाय. पण किविकिऊची मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते, इतक्या हळू वाढणाऱ्या पक्ष्याला तसं शिकायला वेळ कुठून मिळणार? म्हणून माउईत २०२३ पासून वोल्बाकिया बॅक्टेरियाची वेगळी जात असलेले नर डास सोडतायत, त्यांच्याशी जुगलेल्या मादीच्या अंड्यांतून अळ्याच निघत नाहीत. लॅबमधले डास नवीन रोग आणणार अशी भीती पसरवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं, नर डास चावतच नाही, तो फुलांचा रस पितो.