ओळंबा, पाणसळ आणि लेव्हल पाइप

फरशी किंवा नळ बसवताना काम आडव्या पातळीत, उभ्या ओळंब्यात आणि काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी, फरशीवाले आणि प्लंबर ही साधने वापरतात. काटकोनासाठी गुण्या आणि सरळ रेषेसाठी ताणलेली दोरी यांची त्यांना जोड असते. दोरी आणि गुण्या सोडले, तर बाकी सगळ्यांचा आधार एकच, गुरुत्वाकर्षण.

ओळंबा सर्वांत जुना. इजिप्तमध्ये देर अल-मदीना येथे सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात १८८६ साली ‘ए’ आकाराची लाकडी चौकट सापडली. तिच्या शेंड्यावरून सोडलेली दोरी खालच्या पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की बूड सपाट, असा तिचा हिशेब. आपल्याकडच्या ओळंब्यात धातूच्या वजनाबरोबर त्याच्याच रुंदीची एक पट्टी दोरीत ओवलेली असते. पट्टी भिंतीला टेकवायची आणि वजन खाली सोडायचे. ते भिंतीला जेमतेम शिवले तर भिंत ओळंब्यात, दूर लटकले तर भिंत वरून आपल्याकडे झुकलेली. रोमन लोक ओळंब्याला शिसे लावत. शिशाचे लॅटिन नाव ‘प्लंबम’. ‘प्लंबर’ हा शब्दही त्यातूनच आला, कारण नळही शिशाचेच असत.

पाणसळीत किंचित फुगीर काचनळी असते आणि तिच्यात अल्कोहोलसारखा न गोठणारा द्रव व एक बुडबुडा. फ्रान्सच्या मेल्किसेडेक तेवनो याने १६६१ च्या सुमारास ही युक्ती काढली. पाणसळ खरी की खोटी हे कळायला ती त्याच जागी टोके अदलाबदल करून ठेवून पाहावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला पाहिजे. हातातून पडलेल्या पाणसळीवर ही परीक्षा न घेता काम करणे म्हणजे चुकीच्या घड्याळावर गाडी पकडायला जाणे.

पाणसळ फूट-दोन फुटांपुरती. खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, किंवा भिंतीपलीकडे पातळी न्यायची तर बराच काळ लेव्हल पाइपच सर्रास वापरला जाई. पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि पाणी, एवढेच हे साधन. दोन्ही टोकांचे पाणी एकाच उंचीवर राहते, मधली नळी कशीही लोळत असो. पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला, एका टोकावरचा अंगठा काढायचा राहिला किंवा अर्धी नळी उन्हात तापली, की खूण चुकते. म्हणून आधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी जुळते का ते पाहतात. मग तयार फरशीच्या नियोजित पातळीपासून एक मीटर वर खोलीभर रेषा मारतात आणि पुढची सगळी मापे तिच्यावरून खाली घेतात.

आता हे काम लेझर करतो. हिरवी रेषा तांबडीपेक्षा ठळक दिसते, कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग अधिक जाणवतो. गंमत अशी की स्वतःहून पातळीत येणाऱ्या अनेक लेझरांच्या डबीत एक लोलक टांगलेला असतो, म्हणजे ओळंबाच.

काटकोनासाठी गुण्या लहान पडला की दोरीने ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण आखतात. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम सांगताना ३ आणि ४ बाजूंचे उदाहरण येते. शुल्ब म्हणजे दोरीच.

सांडपाण्याच्या नळाला मात्र पातळी नको, ढाळ हवा. फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, हा सर्रास वापरला जाणारा हिशेब. ८ फुटांत दोन इंच. पाणसळीच्या उताराकडच्या टोकाखाली तिच्या लांबीला जेवढा ढाळ येतो तेवढ्या जाडीची चकती चिकटवली, तर बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर, ही जुनी सोय. न्हाणीघराच्या फरशीलाही जाळीकडे ढाळ द्यावा लागतो. तो विसरला की पाणी कोपऱ्यात साचते आणि दुरुस्तीला फरशीच उखडावी लागते.

टाइलांमधली फट सारखी राखायला स्पेसर आणि कडा एका पातळीत धरायला क्लिप व पाचर वापरतात. टाइलखालचा मसाला (चिकटवण्याचे मिश्रण) घट्ट झाला की क्लिपचा वरचा भाग ठोकून मोडायचा, बूड खाली राहते. मोठ्या आकारांमुळे या क्लिपांची गरज वाढली. १२०० मिमी लांबीच्या लाकडी छापाच्या पट्ट्या मध्यात किंचित फुगलेल्या असू शकतात, म्हणून त्यांचे सांधे अर्ध्यावर न देता एक तृतीयांशावर देतात. क्लिप कडा ओढून जुळवते, पण टाइलखाली मसाला कमी असेल तर टाइल पोकळ वाजतेच.