काळ्या मातीत गोल्फचं ग्रीन? नाही, रेतीत

विदर्भात गोल्फ मैदानाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: आपलं काळं वावर कपाशी पोसतं, तिथं गवताचं काय! पण स्पर्धेच्या दर्जाच्या ग्रीनसाठी, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतासाठी, हीच माती सगळ्यात अडचणीची. पावसात ती फुगून चिबड होते, उन्हाळ्यात भेगाळते. आणि ग्रीनवरचं गवत जेमतेम ३-४ मिलिमीटरवर कापतात. तिथं बारीक भेगही चेंडू भरकटवते.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० मध्ये पहिल्यांदा मांडलेली आणि पुढे सुधारलेली रीत अशी: तळाशी उतारावर १०० मिमीचे छिद्रांचे पाइप, पाइपांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त ५ मीटर अंतर, वर १० सेंमी बारीक गिट्टी, त्यावर ३० सेंमी रेती. गिट्टी पाणी लगेच ओढते, हा आणखी एक गैरसमज. रेती तळाशी पुरती भिजेपर्यंत पाणी गिट्टीत उतरतच नाही. मुळांना ओल मिळते ती यामुळेच.

नदीची रेती धुऊन, चाळून, तपासूनच घ्यावी: गाळ ५ टक्क्यांच्या, चिकणमाती ३ टक्क्यांच्या आत. खरी फसगत पुढे होते, कुणी ‘खत म्हणून’ वरून काळी माती पसरतो तेव्हा. पातळ थरही रेतीची तोंडं बुजवतो, पाणी वरच थांबतं, मुळं कुजतात. फेअरवेला, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या गवताळ पट्ट्याला, मात्र काळी चालते, उतार आणि चर नीट काढले तर.