सोलापूर-मुंबई विमान: तासाभराच्या प्रवासाला एवढी वर्षं का लागली

सध्या गावात ज्याला त्याला एकच प्रश्न, विमानानं मुंबई किती लांब ओ? सरळ रेषेत मोजलं तर साधारण ३६० किलोमीटर, रेल्वेनं ४५५. जेटचा वेग बघितला तर अर्ध्या-पाऊण तासात पोचायला पाहिजे, पण तिकिटावर तास-सव्वा तास दिसतो, कारण तो वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि तिकडं जाऊन थांबेपर्यंत मोजतात, मग त्यात रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं आणि मुंबईच्या आकाशातली रांग, सगळं आलं.

पण खरी गंमत मागच्या इतिहासात आहे. आपल्याकडं रेल्वे १८६० ला आली आणि बोरघाट पूर्ण झाला १८६३ ला! म्हणजे मधली तीन वर्षं सोलापूरहून निघालेला माणूस खंडाळ्यापर्यंत गाडीनं, तिथून पालखी नाहीतर तट्टावर घाट उतरून खोपोलीला, आणि मग परत गाडी. नंतर कित्येक पिढ्या रात्रीच्या गाडीत झोपून सकाळी मुंबई हाच हिशोब. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये आली तेव्हा तो साडेसहा तासांवर आला.

विमानतळ म्हणाल तर होटगी रोडला जुनाच आहे. किंगफिशरची विमानं काही काळ येऊन गेली, नंतर सगळं शांत. रनवे होता, पण विमान उतरायच्या वाटेवर सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या को-जनची (म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करायच्या प्रकल्पाची) ९० मीटरची चिमणी उभी. उतरताना विमान हळूहळू खाली येत असतं, त्या उताराच्या पट्ट्यात एवढी उंच वस्तू चालत नाही, साधा नियम. त्यावर कोर्टकचेऱ्या, उपोषणं, ऊस उत्पादकांचा विरोध, घरात दोन भाऊ असले तर एक विमानवाला एक चिमणीवाला, असं झालेलं. (दोघांचंही पटायचं, खोटं कशाला बोला.) शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली. लोक गच्चीवर मोबाईल धरून उभे, चिमणी कललेली दिसली आणि बघता बघता नुसता धुरळा.

तिकडं बोरामणीच्या मोठ्या विमानतळाचं घोडं वनजमीन आणि माळढोक पक्ष्यापाशी अडलं, म्हणून होटगी रोडच नीट केलं. सप्टेंबर २०२४ ला नवीन टर्मिनलचं उद्घाटन, ९ जून २०२५ ला फ्लाय ९१ चं गोव्याचं विमान, मुंबईचं स्टार एअरकडून १५ ऑक्टोबरला.

गोवा सरळ रेषेत तीनशेच किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षाही जवळ, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे विमान सुरू झाल्यावरच कळलं.