२४ तास अॅडमिट नसलं तर क्लेम नाही? थांबा जरा

"२४ तास अॅडमिट राहिल्याशिवाय मेडिक्लेमचा एक रुपया मिळत नाही, सरकारनं तसा कायदाच केलाय" हा मेसेज आमच्या लातूरकडच्या ग्रुपांवर सारखा फिरतो, अन् खाली लगेच ह्या पार्टीनं केलं का त्या पार्टीनं म्हणून जुंपते. पार्टीचं राहू द्या बाजूला, आधी कागद बघू.

ही गोष्ट हवेतली नाही बरं का, म्हणून तर लोकांना पटते. पॉलिसीत हॉस्पिटलायझेशनची व्याख्या सलग २४ तासाचीच असते. पण त्याच वाक्यात पुढं अपवाद असतो, तो मेसेजमधून गळालाय. अपवाद म्हंजे डे केअर. भूल देऊन केलेला जो उपचार पूर्वी दिवसभराहून जास्त ठेवूनच करायचे अन् आता नव्या मशीनमुळं काही तासात उरकतो, तो. मोतीबिंदू घ्या, मामा सकाळी एसटीनं गेले, दुपारी डोळ्याला पट्टी अन् काळा चष्मा लावून घरी चहाला हजर. डायलिसिस, केमोसुद्धा सहसा यातच येतं.

तापात चार तास सलाईन लावून घरी आलात तर मात्र ते यात बसत नाही, ते ओपीडीच धरतात.

खात्री करायची तर एजंटला नका विचारू, पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'डे केअर ट्रीटमेंट' शोधा, अन् तिथंच वेटिंग पिरियड, म्हंजे पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबायचा काळ, बघा, मोतीबिंदूला बऱ्याचदा २ वर्षं थांबावं लागतं अन् रकमेला मर्यादाही असते.