पाच, सात, आठ: मागच्या बाकावरून

जूनचा पाऊस, वर पत्र्याचं छप्पर आणि खाली चौथीचा वर्ग. बाई फळ्यावर लिहिता लिहिता सांगतात, "सात गुणिले आठ." तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कानाला श्रवणयंत्र आहे. ती वहीत मांडते, ५ × ८ = ४०. वहीवर शेरा पडतो, 'लक्ष नाही'. तिचा गुणाकार बरोबर होता. तिच्यापर्यंत 'सात' पोहोचलाच नव्हता.

पाच, सात, आठ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. तिन्हींत स्वर एकच, 'आ'. बोलण्यातला बराचसा जोर स्वरांत असतो, पण शब्दाशब्दांतला फरक व्यंजनं सांगतात आणि ती नाजूक असतात. 'स'चा सळसळाट बराचसा ४,००० हर्ट्झच्या (आवाजाची पट्टी मोजायचं एकक) वरचा. कमी ऐकू येणाऱ्या अनेक मुलांचा कान नेमका याच उंच पट्टीत अधू असतो. बाई बोलताहेत हे त्यांना कळतं, काय बोलताहेत ते निसटतं.

त्यात अंतराची भर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ६५ डेसिबल असलेला आवाज चार मीटरवर ५३ राहतो. वर्गात भिंती थोडा आवाज परत देतात, पण उशिरा. सिमेंटची भिंत, गुळगुळीत फरशी, पत्रा यांवरून परतलेला आधीच्या शब्दाचा 'आ' पुढच्या शब्दाच्या 'स'वर येऊन पडतो आणि त्याला झाकून टाकतो.

चष्मा घातला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येतं, असा समज सर्रास आहे. यंत्र बाईंच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघरही वाढवतं आणि लांबून आलेलं विस्कटलेलं बोलणं ते पुन्हा नीट जुळवून देऊ शकत नाही. म्हणून अमेरिकेतल्या मानकात नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गासाठी पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलपर्यंत आणि निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो घुमत राहण्याचा काळ, ०.६ सेकंदांपर्यंत ठेवायला सांगितलं आहे. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर असावा, असं तज्ज्ञ मानतात.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने समावेशित शिक्षण ही शाळांची जबाबदारी ठरवली आहे. प्रवेश त्यातली पहिली पायरी. हजेरीपटावर नाव आहे आणि शिकवलेलं कानावर पडत नाही, अशा मुलाला मी सामावून घेतलेलं म्हणणार नाही.

शिवाय हा प्रश्न यंत्र लावणाऱ्या एकट्या मुलीचा नाही. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की धडधाकट मुलालाही काही दिवस, कधी काही आठवडे, कमी ऐकू येतं. मोठी माणसं निसटलेला शब्द संदर्भावरून भरून काढतात. त्यासाठी शब्दांचा साठा लागतो आणि लहान मुलांकडे तो अजून जमायचा असतो. घरी पावरी किंवा गोंडीसारखी आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलाला तर मराठीतलं प्रत्येक व्यंजन स्पष्ट ऐकू येणं गरजेचं.

उपाय महाग असलेच पाहिजेत असं नाही. बोलताना तोंड मुलांकडे ठेवायचं, फळ्यावर लिहिताना बोलणं थांबवायचं. मुलीला पुढे बसवायचं, खिडकी आणि पंख्यापासून दूर, तिचा बरा कान बाईंकडे येईल असं. मागून कुणी प्रश्न विचारला तर तो पुन्हा मोठ्याने सांगायचा, कारण तिला तो ऐकूच आलेला नसतो. मागच्या भिंतीवर जाड गोधड्या, बाकांच्या पायांना रबर. पत्र्यावर सर कोसळत असेल तोवर लेखी काम. शक्य असेल तिथे बाईंच्या गळ्यात छोटा माइक, जो आवाज थेट यंत्रात पाठवतो. त्याने तीन मीटरचं अंतर वीतभर होतं.

आपल्या शाळेतला वर्ग तपासायचा असेल तर तो रिकामा असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि तिची शेपटी किती लांबते ते ऐका. मग पंखा चालू करून शेवटच्या बाकावर बसा. सहकाऱ्याला फळ्याकडे तोंड करून पाच, सात, आठ हे आकडे उलटसुलट क्रमाने वीस वेळा म्हणायला सांगा, तुम्ही लिहीत जा. दोघांचे कागद शेजारी ठेवून पाहा.